राळ लावलेला पट्टा

अहो, माझंच बरोबर होतं. पट्ट्याचा काही दोष नव्हता. पट्ट्याच्या पुढचं चाक अडलेलं होतं, आणि ते ओढता ओढता बिचारा पट्टा जळत होता. हे मी तुम्हाला गणपतीपासून सांगत होते. तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत आणि आता ऐकायला तुम्ही नाही. तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे गेले आणि दुसऱ्याच दिवशी मी ते गवत कापायचं मशीन उघडायला लावलं. इतकी वर्षं संसार केला, त्यात एका भांडणात मी धडधडीत जिंकले, आणि ते सांगायला घरात माणूस नाही.

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलून गेले. ‘देवमाणूस होता’ असं जो तो म्हणत होता. मी मान डोलवत होते आणि मनातून चिडत होते. देवमाणसं चहा बशीत ओतून फुर्र आवाज करत पीत नाहीत. ओला टॉवेल गादीवर टाकत नाहीत. बायको शहाणपणाचं काही सांगायला लागली की रेडिओचा आवाज वाढवत नाहीत. त्या देवमाणसाला मी ओळखत नाही. मला तुम्ही हवे आहात, टॉवेलासकट.

कळंबच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपली ही वाडी. सासऱ्यांच्या वेळेला इथे केळी होती. केळीत काही राम उरला नाही, तेव्हा तुम्ही मागच्या बाजूला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि पुढे हिरवळ केली, हळदी-बारशांना द्यायला. केळी तोडली त्या दिवशी मी जेवले नव्हते. तुम्ही समजूत घालायला आला नाहीत. तुम्हाला कधी ते जमलंच नाही. पण हिरवळ लावताना विहिरीच्या बाजूला एक लांबट वाफा माझ्यासाठी मोकळा सोडलात. त्यात मी लाल माठ, मुळा, थोडी अबोली असं काहीबाही लावत आले. कोंबड्या रोपं उकरायच्या म्हणून मासेवाल्या हिराकडून एक जुनं मासेमारीचं जाळं मागून घेतलं आणि वाफ्याभोवती बांधून टाकलं. मांडववाले दर वेळी कुरकुर करायचे, काका, हा वाफा काढा, स्टेज बरोबर इथे बसेल. तुम्ही बोट दाखवायचात, ‘स्टेज तिकडं लाव. हितं भाजी हाय.’

मग ते मशीन आलं. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टातून तुम्ही ते टेम्पोत घालून आणलंत. बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, लाल रंगाचं, ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणावं तसं. पुढे इंजिन, पोटाखाली फिरणारी पाती, आणि इंजिनाची ताकद पात्यांपर्यंत नेणारा एक रबरी पट्टा. मी म्हटलं, ‘एवढ्याशा गवताला हे कशाला? माणूस बोलावू.’ तोवर तुम्ही सीटवर चढून बसला होतात. डोक्यावर टोपी, पायात गमबूट, आणि चेहऱ्यावर भाव असा, की निघाले आता दिल्लीला. पाहुण्यांची पोरं मागे धावायची आणि तुम्ही मागे न बघता हात हलवायचात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे आणि हसू दाबायचे. एकदा मला हाक मारलीत, ‘ये गो, बस एकदा, चालवून बघ.’ पाहुणे ओट्यावर बसलेले. मला लाज वाटली. मी म्हटलं, ‘काहीतरीच तुमचं!’ आणि आत गेले.

गणपतीच्या सुमारास पट्टा घसरायला लागला. मशीन पुढेमागे नीट चालायचं, पण पाती जोडली की किंचाळायचं. गवत कापायच्या ऐवजी नुसतं वाकवायचं आणि खालून निळसर धूर निघायचा. तुम्ही पट्टा ताणून बघितलात. मग नवा आणलात, तोही तसाच धुमसायला लागला. तेव्हा तुम्हाला तुमच्या वडिलांची भाताची गिरणी आठवली.

ती गिरणी मी पाहिलेली नाही, पण तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मला तिच्यातला कोंडा नाकात गेल्यासारखा वाटतो. तिथला पट्टा कातडी, रुंद, सपाट. तो घसरायला लागला की फिरत्या पट्ट्याला राळेचा खडा लावायचा. राळ चिकट होते आणि पट्टा चाकाला धरून राहतो. लहानपणी ते काम तुमच्याकडे होतं आणि त्याचा तुम्हाला शेवटपर्यंत अभिमान. गिरणी मोडली, पट्टा कुठे गेला कोणाला ठाऊक, पण राळेचा डबा तुम्ही माळ्यावर जपून ठेवला होतात. तो खाली काढलात आणि मशीनच्या पट्ट्याला राळ फासलीत.

राळ म्हणजे धुपातला जिन्नस. पट्टा तापला की वाडीभर जळक्या रबराचा आणि धुपाचा एकत्र वास. खोलीतल्या एका पाहुण्या बाईंनी मला विचारलं, ‘आज घरी पूजा आहे का?’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे रोजच असते.’

आपलं ते भांडण मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. गेले काही दिवस मी ते एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते आहे.

‘अहो, तो गिरणीचा पट्टा सपाट होता. हा खाचेत बसतो. याला राळ कशाला?’

‘पट्टा तो पट्टा. घसरतो म्हनजे त्याला पकड नाय.’

‘त्याला पुढे कोणीतरी अडवतंय. माझ्या घरघंटीत ओले तांदूळ अडकले होते, तेव्हा तिचा पट्टा असाच जळला होता. पट्टा काढा आणि एकेक चाक हाताने फिरवून बघा. जे फिरणार नाही ते चोर.’

‘घरघंटी आनि हे एकच काय गो? तू तुज्या पिठात बघ.’

तुमचं ‘तुज्या पिठात बघ’ माझ्या जिव्हारी लागायचं. मी माहेरची ठाण्याची, मला यंत्रातलं काय कळणार, हा तुमचा आवडता मुद्दा. मी अबोला धरून जेवण वाढायचे. तुम्ही जेवता जेवता आमटीचं कौतुक करायचात, एरवी कधी न करणारे. मग मी आणखी चिडायचे.

आणि मजा म्हणजे, राळ लावली की मधूनच मशीन छान चालायचं. मी ठाण्याला भावाकडे जाऊन आले की सबंध हिरवळ गुळगुळीत कापलेली असायची आणि तुम्ही दारात ऐटीत उभे. ‘बघ. राळ ती राळ.’ मी पिशवी ठेवायला आत जायचे. काही दिवसांनी धूर पुन्हा सुरू. मी दारात आलेल्या प्रत्येकाला तुमच्या राळेची गोष्ट रंगवून सांगायचे, दूधवाल्याला, हिराला, आपल्या नितेशच्या सासरच्यांना. सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात.

दिवाळी झाली. तुम्ही गेलात त्या सकाळबद्दल मी इथे लिहिणार नाही. ती मी भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितली आहे आणि ती संपत नाही. निदान तुम्हाला तरी ती सांगायला नको.

तुम्ही मात्र शब्द देऊन बसला होतात. आपल्याकडे मासे घेऊन येणारी कळंबची हिरा, तिच्या प्राचीची हळद आपल्या हिरवळीवर, असा. हिरा तेराव्याला आली. माझ्याजवळ खाली बसली आणि हळूच म्हणाली, ‘वैनी, हळद आमी आमच्या दारात करतो. तुमच्या घरात असं झालंय. तुमी नाय म्हनलात तरी कोन काय बोलनार नाय.’ मी म्हटलं, ‘ह्यांनी शब्द दिलाय. हळद इथेच होईल.’ तिने डोळे पुसले. मी बाहेर बघितलं तर हिरवळ घोटा बुडेल इतकी वाढलेली. तुम्ही गेल्यापासून तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

नितेश तुळिंजच्या फ्लॅटवर परत न जाता माझ्यासोबत राहिला होता. पोरगा तुमच्यासारखाच, समजूत घालता येत नाही म्हणून कामं काढतो. म्हणाला, ‘आई, टेन्शन नको घेऊस. खांद्यावरचं मशीन घेऊन माणूस येतो, तासाभरात काम खल्लास. आणि हे लाल धूड भंगारात देऊन टाकू. खालीपिली जागा अडवतंय.’

‘भंगार म्हणायचं नाही त्याला.’ मी इतक्या जोरात ओरडले की कोंबड्या पळाल्या. नितेशचा चेहरा लहान मुलासारखा झाला. बाप त्याचाही गेला आहे, हे मी त्या क्षणी विसरले होते. मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, ‘आपण उघडून बघू ना. एकदाच.’

त्याला वाटलं आईला बाबांची आठवण म्हणून मशीन चालू करायचं आहे. तुम्हाला म्हणून खरं सांगते, मला बरोबर ठरायचं होतं. माणूस गेलं की त्याचं सगळं बरोबर होऊन जातं, फोटोला हार पडतो आणि भांडण तिथेच मिटवून टाकतात. मला ते मिटवायचं नव्हतं. ते चालू होतं तोवर तुम्ही कुठेतरी बाजूच्या खोलीत रेडिओ लावून बसलेले होतात.

नितेशने आधी प्लगची वायर काढली, चुकून इंजिन सुरू व्हायला नको म्हणून. मग खाली वाकून पट्टा सोडवला. त्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झालेल्या आणि वर राळेचा काळा थर. मी पदर खोचून जमिनीवर बसले आणि चाकांना हात घातला. पहिलं चाक गरगर फिरलं. पट्टा ताणून धरणारं लहान चाक, तेही फिरलं. पात्याच्या दांड्यावरचं चाक हललंच नाही. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा करकर करत जरासं सरकलं आणि थांबलं.

‘बघा!’ मी मान वळवून ओरडले. ‘बघा, म्हटलं होतं की नाही!’

मागे कोणी नव्हतं. विहिरीचा कठडा होता आणि वाळत घातलेली चादर. नितेशने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, ‘आई, बस जरा. पाणी आणतो.’ तोवर मी घरातल्या माणसांसमोर रीतीपुरतं रडले होते. तिथे ग्रीसने माखलेल्या हातांनी तोंड झाकून जी रडले, ते रडणं वेगळं होतं. तुम्ही येणार नाही, हे मला त्या चाकापाशी कळलं.

चाक काही आमच्याने सुटेना. नितेशने अर्नाळ्याहून पास्कूला बोलावलं. तोच तो, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, तुम्ही ज्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारत उभे राहायचात. आला, माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, मग मशीनखाली सरकला. खालूनच त्याचा आवाज आला, ‘परत अडकला काय दोरा?’

‘परत म्हणजे?’ मी विचारलं.

खालून नुसता पाना वाजत राहिला. नितेश वाकून म्हणाला, ‘पास्कू अंकल, बोला ना. कसला दोरा?’

पास्कू बाहेर आला. माझ्याकडे न बघता हात पुसत राहिला. ‘जाळ्याचा, बाय. वाफ्याच्या कडेनं गवतात लोंबतो. पात्यानं ओढला की दांड्याला गुंडाळतो, तापून वितळतो, मंग चाक जाम. बोटीच्या पंख्याला होतं तसंच. काकांना म्हाईत होतं. तुमी ठान्याला गेल्या की मला फोन करायचे. आमी दोगं दोरा कापून काडायचो.’

‘मग मला का नाही सांगितलं?’

‘बोलले, तिला समजलं तर त्याच दिवशी वाफा उपटून फेकून देईल. लय तापट हाय.’ त्याने फडकं झटकलं. पुढचं सांगावं की नाही असं त्याला झालं असावं. ‘मी बोललो, काका, मंग धूर येतो त्याला काय सांगनार? तर हसले. बोलले, राळ लावतो. भांडेल माज्याशी, भांडू दे. वाफा राहतो ना.’

अहो.

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. राळेने काही होत नाही हे माहीत होतं, चाक अडतं हे माहीत होतं, ते कशाने अडतं हेही. मी घरघंटीचा दाखला देत होते आणि तुम्ही माझ्यापेक्षा आधी तिथे पोचून परत आला होतात. परत येऊन भाबडा चेहरा करून फिरत्या पट्ट्याला राळ लावत बसला होतात. सगळ्या गावात मी तुमचं हसं केलं. नितेशच्या सासऱ्यांनी तुम्हाला ‘राळवाले’ म्हणून चिडवलं तेव्हा तुम्ही जोरात हसलात आणि माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही. जाळ्याची कड दर वेळी थोडी आत सरकलेली दिसायची, सुटलेल्या दोऱ्यांच्या गाठी मारलेल्या दिसायच्या. मला वाटायचं कोंबड्या ओढतात. कोंबड्या गाठी मारतात का, हे मला कसं सुचलं नाही?

मला आधी राग आला. मी तापट? पास्कूसमोर सांगायची गोष्ट आहे का ही? मी तशीच तरातरा वाफ्याकडे गेले. जाळ्याचा बांबू दोन्ही हातांनी धरला. उपटणारच होते. तुम्ही म्हणालात तसंच, अगदी त्याच दिवशी. मग हात ढिले पडले. ज्या वाफ्यासाठी तुम्ही एवढं हसं करून घेतलंत, तो मी उपटून काय मिळवणार होते? मुळ्याची पानं सुकली होती, कोणी पाणीच घातलं नव्हतं. मी कळशी आणली आणि पाणी घालत बसले. नितेश येऊन बाजूला उभा राहिला.

मला तुमच्याशी भांडायचं आहे. जाताना समोरच्याला जिंकवून जायचं, ही कुठली रीत? केळी तोडली तेव्हा मी उपाशी राहिले, ते तुम्ही इतकी वर्षं मनात धरून ठेवलंत आणि एका शब्दाने बोलला नाहीत. मीही कधी म्हटलं नाही, की हा वाफा ठेवलात म्हणून मी या वाडीत रमले. मला वाटायचं तुम्हाला कळतंय. तुम्हाला कळत होतं, हे आता मला पास्कूकडून कळतंय. सुरुवातीला मी जिंकले असं लिहिलं आहे. ते खोडत नाही. तुम्हाला ते तसंच हवं होतं.

पास्कूने वितळलेल्या दोऱ्याचा गोळा खरवडून काढला, दांड्याचं बेअरिंग बदललं, चाकांवरची राळ रॉकेलने पुसून कोरडी केली आणि नवा पट्टा चढवला. जाळं मी काढलं. त्याच्या जागी नितेशने खुंट ठोकले आणि आम्ही माडाच्या झावळ्यांचं कुंपण विणलं. वाकडं झालं आहे, पण कोंबडी आत शिरत नाही.

मग मी मशीनवर बसले. नितेश म्हणाला, ‘आई, मी चालवतो ना.’ मी म्हटलं, ‘तू बाजूला हो.’ सीट तुमच्या उंचीला लावलेली, माझे पाय खाली पोचेनात. नितेश ती पुढे घ्यायला वाकला, मी नको म्हटलं आणि पाठीमागे उशी घेतली. पाती जोडली. काही किंचाळलं नाही. मागे गवत सरळ कापून पडत होतं, धूर नाही, कसला वास नाही. सगळं कसं व्हायला पाहिजे तसं चाललं होतं आणि मला मात्र रडू आवरत नव्हतं. तुम्ही बोलावलंत तेव्हा बसायला हवं होतं हो. पाहुणे काय, बघून विसरून गेले असते.

हळदीच्या दिवशी मी मागच्या स्वयंपाकघरात थांबले. कोणी तसं सांगितलं नव्हतं, माझंच मन पुढे जायला धजेना. बाहेर मांडव भरला होता, पोरं अनवाणी गवतात पळत होती. हिरा हळदीने पिवळे झालेले हात घेऊन आत आली. नवरीची आई, तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, तरी मला शोधत आली. म्हणाली, ‘वैनी, काय झ्याक हिरवळ झालीय! पाय ठेववत नाय. कोनी कापली?’

मी म्हटलं, ‘आमच्या ह्यांनी.’

बोलून गेले आणि मग मी काय बोलले ते मला ऐकू आलं. हिराने पिवळे हात पदराला पुसले. मग म्हणाली, ‘होय. त्यांच्यासारखी कोनाला जमनार,’ आणि माझ्या शेजारी ओट्याला टेकून खाली बसली. बाहेर बेंजोवाल्यांचं वाजवणं सुरू झालं होतं. तिच्या नावाने हाकांवर हाका येत होत्या, तरी ती बराच वेळ उठली नाही.